प्रत्येक पट्टीला स्वतःचा भाता

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला बसलो होतो, पण तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय तर घाईत दोन ओळी टाकून मोकळं होणं बरोबर नाही म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत भरणाऱ्या नॅम शो या वाद्यांच्या प्रदर्शनातल्या नव्या सिंथ (सिंथेसायझर) आणि कीबोर्डांवर मी जे लिहिलं त्यावर काकांचं म्हणणं असं की हे सगळं अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांच्या जत्रेचं कौतुक आहे, आपल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, तीच जुनी मशीनं दरवर्षी नवा रंग मारून विकतात, ज्या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकणं, निघत नाही त्याचे नॉब मोजून काय करायचंय, आणि शेवटी याच मशीनांनी वाजवणाऱ्या माणसांच्या पोटावर पाय दिला. शिवाय माझी एक चूकही त्यांनी दाखवलीये. काका चाळीस वर्षं कीर्तनाला आणि नाट्यपदांना पेटीची साथ करतायत, म्हणजे पट्टी दाबल्यावर काय होतं आणि काय होत नाही हे मला नव्याने सांगायची गरज त्यांना नाही, उलट मीच त्यांच्याकडून शिकावं असं आहे.

आधी चूक. मी लिहिलं होतं की हायड्रासिंथ नावाच्या सिंथने प्रत्येक पट्टीला वेगळा दाब ओळखायची सोय "पहिल्यांदाच" दिली. ते साफ चुकलं. यामाहाच्या सीएस-८० मध्ये ही सोय १९७७ सालीच होती, ग्रीक संगीतकार व्हँगेलिस यांचे ते लांबलचक, श्वास घेतल्यासारखे सूर त्याच वाद्यातले. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी एन्सोनिक कंपनीच्या कीबोर्डांतही ती होती. मला खरं तर म्हणायचं होतं की नंतर बरीच वर्षं ही गोष्ट नव्या कीबोर्डांतून जवळजवळ गायब झाली आणि २०१९ मध्ये हायड्रासिंथबरोबर परत आली. पण "परत आली" आणि "पहिल्यांदा आली" यात फरक आहे, आणि तुमच्यासारखा माणूस तो पकडणारच.

आता मींड. कारण काका, तुमच्या बाकीच्या तीन मुद्द्यांपेक्षा मला हाच सगळ्यात जास्त लागला आणि याच्यासाठीच मी ती पोस्ट लिहिली होती, फक्त तिथे मॉडेलं आणि किमती सांगण्यात मूळ गोष्ट मागे राहिली.

तुम्ही म्हणता पट्टीवाल्या वाद्यातून मींड येत नाही आणि येणारही नाही. हाच आरोप पेटीवर झाला होता आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, एकतीस वर्षं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता, पेटीचा सूर बांधलेला असतो, दोन पट्ट्यांच्या मधे जागा नाही. पण गोविंदराव पटवर्धनांची पेटीची साथ ऐकताना आपल्याला सूर तुटल्यासारखा वाटतो का? नाही वाटत, कारण पुढचा सूर लागेपर्यंत मागचा सोडायचा नाही, भाता कुठे सैल करायचा कुठे भरायचा, या सगळ्यातून कानाला सरकल्याचा भास होतो. भास म्हणतोय मी, खरी मींड म्हणत नाहीये. पण तो भास येतो कुठून? पट्टीतून येत नाही काका, तो भात्यातून येतो. पट्टी फक्त झडप उघडते. उजव्या हाताने झडपा उघडायच्या आणि डाव्या हाताने सुराला जीव द्यायचा, अशी पेटीत वाटणी आहे.

आणि आपण ज्याला सरसकट कॅसिओ म्हणतो त्या कीबोर्डात नेमका हा डावा हातच काढून घेतला गेला. आत काय असतं ते सांगतो. साध्या कीबोर्डाच्या प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, एक वर एक खाली, पट्टी दाबली की आधी पहिला लागतो मग दुसरा, आणि या दोघांच्या मधे किती वेळ गेला यावरून मशीन ठरवतं की तुम्ही जोरात मारलं की हळू. याला वेलॉसिटी म्हणतात. बस. दुसरा कॉन्टॅक्ट लागला की त्यानंतर तुम्ही पट्टीवर बोट ठेवून काहीही करा, दाबा, हलवा, मशीनला पत्ताच नाही, बोट उचलेपर्यंत ते तिकडे बघतच नाही. तबल्यासाठी, पियानोसाठी हे चालतं, कारण तिथे आघात झाला की सूर तुमच्या हातातून सुटलेलाच असतो. पण बासरी, सारंगी, गळा, आपलं सगळं संगीत आघातानंतर सुरू होतं. म्हणून तुमचा आक्षेप बरोबर होता, आणि चाळीस वर्षं बरोबर होता.

मग ऑर्केस्ट्रावाल्यांनी यातून वाट काढली ती पिच बेंडरची, म्हणजे सूर वर-खाली ओढणाऱ्या लिव्हरची. तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडचा चांगला कीबोर्डवाला उजव्या हाताने बासरी किंवा शहनाईचा टोन लावून वाजवतो आणि डाव्या हाताचा अंगठा कायम त्या लिव्हरवर असतो, रेंज दोनवर, म्हणजे दोन पट्ट्यांएवढी, लावलेली, नि दाबायचा आणि लिव्हर ढकलून सा वर न्यायचं, किंवा सा दाबून आधीच खाली ओढून ठेवायचं आणि मग सोडायचं. मी स्वतः गणपतीच्या मंडपांतून असाच वाजवत मोठा झालोय, आणि हे कौशल्य हलकं नाही, त्यात खरी मींड काढणारे लोक मी ऐकलेत, डोळे मिटले तर शहनाईवाला बसलाय असं वाटावं इतकी. पण अडचण अशी की लिव्हर सगळ्या कीबोर्डाला एकच. सा-प धरून ठेवले आणि लिव्हर हलवली की सा-प पण सरकतात, तानपुराच बेसूर झाल्यासारखं. त्यामुळे एकतर मींड नाहीतर आधार, दोन्ही एका हातात नाही. पेटीतही हेच की, भाता जोरात दिला की जेवढ्या पट्ट्या उघड्या तेवढ्या सगळ्या जोरात.

कीबोर्डात लिव्हर सगळ्या सुरांना एकच का, याचं कारण १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी जानेवारीत याच अ‍ॅनाहाइमच्या नॅम शोमध्ये सिक्वेन्शिअलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडून दाखवले, एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. तेच मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. सिक्वेन्शिअलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी ते पुढे रेटलं आणि वापरायला कुणाकडून पैसे घेतले नाहीत, म्हणून ते जगभर पसरलं. पण त्या वेळच्या स्वस्त चिपवर चालेल एवढंच ते ठेवलं होतं. सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक सूर पाठवायला जवळपास एक मिलिसेकंद. जोराच्या पायऱ्या ० ते १२७. आणि पिच बेंड लागायचा तो पूर्ण चॅनलला, म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्या सगळ्या सुरांना एकदम, एकेका सुराला नाहीच. हे त्यांनी पियानोसारख्या पट्ट्या आणि पाश्चात्त्य बारा सूर डोळ्यांसमोर ठेवून केलं, त्यांना दोष नाही, पण दरबारी रागातला तो उतरलेला, डोलणारा गंधार त्या वायरीतून नीट जात नव्हता हे खरं.

गेल्या काही वर्षांत बदललंय ते इथे, आणि म्हणून मला नॅमकडे बघावंसं वाटतं. नवीन टोन किती आले, स्क्रीन किती मोठा, यात मलाही रस नाही. पट्टी बदलतेय. २०१८ च्या जानेवारीत एमपीई नावाची पद्धत मिडीवाल्यांच्या संघटनेने अधिकृत केली, त्यात युक्ती साधी आहे, जुन्याच मिडीचे सोळा चॅनल घ्यायचे, एक सामायिक कामासाठी ठेवायचा आणि प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनल द्यायचा, म्हणजे प्रत्येक सुराला स्वतःचा बेंड. मग २०२० च्या नॅममध्ये मिडी २.० मंजूर झालं, त्यात जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ आल्या आणि सुराबरोबरच त्याची अचूक जागा पाठवायची सोय आली. म्हणजे नुसतं "कोमल ग" एवढंच न सांगता हा कोमल ग नेमका किती उतरलेला ते त्या एका निरोपातच लिहून पाठवता येतं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली ती ज्या ओढीने बनवली, ती ओढ आता वायरीच्या भाषेत मांडता येते. मिडी २.० पूर्ण वापरणारी वाद्यं अजून थोडी आहेत हे मान्य, पण भाषा तयार आहे.

आणि वाद्यं. हायड्रासिंथमध्ये तुम्ही चार पट्ट्या धरल्यात आणि त्यातल्या फक्त एकीवर बोटाचा भार वाढवलात तर तेवढाच सूर फुलतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पट्टीला स्वतःचा भाता. मी हे पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा मला तुमच्यासारख्या पेटीवाल्यांचीच आठवण झाली, कारण पियानोवाल्याला या दाबाचं काय करायचं ते शिकावं लागतं, पेटीवाल्याला ते आधीच येतं, फक्त ते त्याच्या डाव्या हातात आहे, ते बोटांत आणायचं. मोठा हायड्रासिंथ महागच, पण २०२१ ला आलेला त्याचा छोटा भाऊ एक्सप्लोरर सदतीस छोट्या पट्ट्यांचा आहे, बॅटरीवर चालतो, आणि त्यातही हा दाब आहे.

ऑस्मोसबद्दल मी पोस्टमध्ये दोनच ओळी लिहिल्या होत्या, ते चुकलं, तिथेच सगळ्यात जास्त लिहायला हवं होतं. फ्रान्सच्या एक्स्प्रेसिव्ह-ई कंपनीचं वाद्य, एकोणपन्नास पट्ट्या, दिसायला साधा कीबोर्ड. आतला आवाज अमेरिकेतल्या लिपोल्ड हाकेन यांच्या कंटिन्यूअमवाल्या इंजिनातून येतो, तेच कंटिन्यूअम जे ए. आर. रहमान वाजवतात, 'दिल्ली-६' मधल्या 'रेहना तू'च्या शेवटी जो सरकता सूर आहे तो त्याचाच. पण कंटिन्यूअमला पट्ट्याच नाहीत, सपाट पृष्ठभाग आहे, पेटीवाल्या हाताला तिथे घर सापडत नाही. ऑस्मोसला पट्ट्या आहेत, आणि त्या डावीकडे-उजवीकडे हलतात.

अंधेरीत एका ओळखीच्या स्टुडिओत मला हे वाद्य दोन तास मिळालं होतं. एक साधा, तारेसारखा आवाज लावला आणि फोनवर तानपुरा लावला काळी दोनचा. पट्टी हळू दाबायला लागलो तर अर्ध्यावरच सूर सुरू झाला, बारीक, आणि जसजसं बोट खाली जाईल तसतसा भरत गेला, म्हणजे इथे ते दोन कॉन्टॅक्टवालं प्रकरण नाही, बोट कुठे आहे हे वाद्य सतत बघतंय. तळाला पोचल्यावर थोडं आणखी दाबलं की त्याच्याही खाली जागा आहे, तिथे सूर उघडतो. मग दरबारी घेतला. सा, रे, आणि कोमल गंधारावर थांबून बोट डावीकडे अगदी जरासं, पट्टी एखादा मिलिमीटर हलेल इतकं. पहिली वीस मिनिटं काही जमलं नाही, आंदोलन, म्हणजे सुराचं ते सावकाश डोलणं, फार मोठं व्हायचं, गंधार पार रिषभाकडे घसरायचा, कारण माझ्या हाताला लिव्हरची सवय आणि तिथे अंगठ्याचा जोर लागतो. मग बेंडची रेंज कमी केली आणि मनगट सैल सोडलं, आणि एका क्षणी गंधार तानपुऱ्यात बसला. खाली, जिथे तो असतो तिथे. सावकाश हलत होता, आणि माझा डावा हात त्याच वाद्यावर सा-प धरून होता आणि तो जागचा हलला नव्हता. स्टुडिओत मी एकटाच होतो. मी तो गंधार किती वेळ धरला आठवत नाही, पण डोळे भरून आले होते एवढं सांगतो, कारण पंचवीस वर्षं मी ज्या गोष्टीला "पट्टीवर होत नाही" म्हणून सोडून दिलं होतं ती माझ्या बोटाखाली चालू होती.

त्यात आणखी एक सोय आहे, जवळच्या दोन पट्ट्या धरून एकीवरचा भार दुसरीवर न्यायचा आणि सूर मधल्या सगळ्या जागेतून सरकत जातो. म्हणजे तुम्ही पेटीवर मागची पट्टी न सोडता पुढची धरता, तीच हालचाल. तुमच्या हाताची जी युक्ती भास म्हणून चालायची ती तिथे खरी मींड होते.

सारंगी झाली का? नाही. भीमसेनजींच्या मागे हे ठेवा असं मी म्हणणार नाही. पण "कधीच येणार नाही" हे वाक्य मात्र आता मागे घ्यायला हवं असं मला वाटतं, आणि ते तुम्ही स्वतः एकदा हात लावून ठरवावं.

जत्रेचा मुद्दा. ती व्यापाऱ्यांचीच आहे, नॅम ही १९०१ पासूनची वाद्यविक्रेत्यांचीच संघटना. पण एकमेकांचे स्पर्धक तिथे एका छपराखाली येतात म्हणून मिडीसारखी गोष्ट होते, घरी बसून कुठल्याच कंपनीने ती केली नसती. २०१५ चं एक सांगतो, डेव्ह स्मिथ यांची सिक्वेन्शिअल कंपनी १९८७ मध्ये बुडाली तेव्हा ते नाव यामाहाकडे गेलं होतं, ते काकेहाशींच्या शब्दाखातर यामाहाने परत केलं आणि त्या नॅममध्ये प्रॉफेट-६ सिक्वेन्शिअल या नावाने उभा होता. स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाला सांगून तिसऱ्याचं नाव परत मिळवून देणं, व्यापारात हे रोज घडत नाही. काकेहाशी २०१७ ला गेले, स्मिथ २०२२ ला.

आणि उपयोगाचं म्हणाल तर १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही मशीनं घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली होती. टीबी-३०३ हे गिटारवाल्यांना बेसची साथ म्हणून काढलेलं छोटं डबडं, चाललं नाही म्हणून कंपनीने दोन-तीन वर्षांत बंद केलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, आणि ती सोय आपल्या रागाला कशी लावायची हे स्टुडिओत गिटार वाजवणाऱ्या त्या मुंबईकराला दिसलं. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी ऐकली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले की हे १९८२ चं आहे. वाद्य कुणासाठी बनवलं आणि कुणाच्या हातात पडून त्याचं काय झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काका.

जुन्याचं नवं करून विकतात, हो, विकतात. कॉर्गचा एमएस-२० मिनी, एआरपी ओडिसी, मिनीमूग, प्रॉफेट-५, सगळे परत आले. त्यातलं बरंचसं आठवणींवर चालतं हे मीही म्हणेन. पण २०१६ ला कॉर्गचा मिनीलॉग आला तेव्हा चार सुरांचा खरा अ‍ॅनालॉग सिंथ पाचशे डॉलरच्या आसपास पहिल्यांदा कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आला, त्यामुळे सगळ्यालाच रंगरंगोटी म्हणवत नाही.

पोटावर पाय दिल्याचं तुम्ही लिहिलंत त्यावर मी वाद घालणार नाही. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटवाल्यांचे ताफे बसायचे, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर त्यांच्यासाठी एकेक ओळ हाताने लिहायचे, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटापासून सिंथने ते ताफे हळूहळू रिकामे केले. आमच्या पिढीच्या कीबोर्डवाल्यांना काम मिळालं ते त्यांच्या खुर्च्या गेल्या म्हणून मिळालं. हे मला माहितीये आणि मी ते विसरत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ज्या कीबोर्डाने ते केलं तो व्हायोलिनची नक्कल एका बोटाने करून द्यायचा, शिकायची गरजच संपवायचा. ऑस्मोससारखं वाद्य उलट आहे, ते पहिल्या दिवशी तुमच्याकडून बेसूरच वाजतं, त्याला रियाज लागतो.

किमतीचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. ऑस्मोस अठराशे डॉलरच्या घरात आलं, वर इथली ड्युटी आणि जीएसटी, म्हणजे कीर्तनाच्या बिदागीवर चालणाऱ्या माणसाला ते सांगणं म्हणजे चंद्र दाखवणं. पोस्टमध्ये मी किमती डॉलरमध्ये टाकून पुढे गेलो, तसं करायला नको होतं.

शेवटी तुम्ही नातवाचं विचारलंत, तो नऊ वर्षांचा आहे आणि कीबोर्ड मागतोय, काय घ्यावं. माझं म्हणणं, पेटी चालू ठेवा, भाता त्याच्या हातात राहू द्या, आणि सोबत साधा कीबोर्ड घ्या, पण दुकानात दोन गोष्टी हाताने बघून घ्या. एक, तीच पट्टी हळू आणि जोरात मारून बघा, आवाजात फरक पडला नाही तर घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की मुलाला काय कळतंय, कळतं. दोन, पिच बेंडर असलाच पाहिजे, आणि लिव्हर सोडल्यावर सूर बरोबर जागेवर परत येतो का ते ऐका, तुमचा कान आहे, तुम्हाला एका सेकंदात समजेल. भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत तबला-तानपुरा असतो, यामाहाची पीएसआर-आय सिरीज बघा, रियाजाला बरी पडते. आणि ट्रान्सपोजचं बटण त्याला पहिलं वर्षभर दाखवू नका, सगळ्या पट्ट्यांत गाऊ दे, वाजवू दे.

पुण्यात आलात तर कळवा, माझ्याकडे सध्या एका मित्राचा एक्सप्लोरर ठेवलेला आहे, तो परत न्यायच्या आधी तुमचा हात त्यावर पडावा अशी माझी फार इच्छा आहे. येताना नातवालाही आणा. "पहिल्यांदाच" वाली ओळ पोस्टमध्ये दुरुस्त केलीये, सीएस-८० चं नाव घातलंय.